सीवूड्सच्या पाणथळ जागा आणि ‘अख्खी खाडी मोकळी आहे’ हा दावा

नवी मुंबईतील अनेक सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरत आहे. सीवूड्स-नेरुळच्या पाणथळ जागा ही माणसाने केलेली डबकी आहेत. फ्लेमिंगोंना अख्खी ठाणे खाडी मोकळी आहे. खाडीत मासे उरलेले नाहीत आणि पक्षी तर सांडपाण्यामुळेच येतात. तेव्हा भराव घालून घरे बांधावीत, डासही जातील, असा त्याचा आशय आहे.

यातला खाडीचा मुद्दा सर्वांत पटण्याजोगा वाटतो आणि तोच सर्वांत चुकीचा आहे. ठाणे खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले, २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेची मान्यता, मिळाला, हे खरे. परंतु हे पक्षी चरतात ते ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलावर आणि त्यालगतच्या उथळ पाण्यात. दिवसातून दोनदा भरती येते, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तर हा चिखल खोल पाण्याखाली जातो, आणि त्या वेळी थवे सीवूड्स-नेरुळमधील एनआरआय, टी. एस. चाणक्य व डीपीएस या तलावांच्या उथळ पाण्यात येऊन विसावतात. म्हणजे खाडी आणि हे तलाव हे पर्याय नसून एकाच दिनक्रमाचे दोन भाग आहेत. एक बुजवला तर दुसरा अपुरा पडतो.

जागा मानवनिर्मित आहेत, म्हणून त्यांना मोल नाही, हेही टिकत नाही. १९७१ च्या रामसर कराराच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम अशा दोन्ही पाणथळ जागा येतात. शिवाय शहर वसण्यापूर्वी हा किनारा मिठागरांचा आणि खारजमिनींचा होता. बांध आणि उघाड्यांमधून (बांधातल्या दारांतून) भरतीचे पाणी आत-बाहेर करण्याची रीत इथल्या आगरी-कोळी गावांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सखल शहरात भरतीच्या वेळी पावसाचे पाणी थोपवून धरण्यासाठी धारण तलावही ठेवले गेले.

माशांबद्दलचा दावा अर्धसत्य आहे. दिवाळे, सारसोळे येथील कोळी बांधव आजही खाडीत होड्या नेतात. बोय, शिंगाळी, कोळंबी, चिंबोऱ्या यांवर घरे चालतात. मासळी घटली आहे, हे तेच सर्वांत आधी सांगतील. सांडपाण्यातील नत्र व स्फुरदामुळे शेवाळ वाढते आणि ते छोट्या रोहित पक्ष्याचे (लहान फ्लेमिंगोचे) खाद्य आहे, इतपत मजकुरात तथ्य आहे. मात्र तीच घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. निवटी ही चिखलातली मासळी ओल्या त्वचेतून हवेतला प्राणवायू घेऊ शकते, म्हणून ती तगते. बोयला ते जमत नाही. पक्ष्यांची गर्दी हा खाडी निरोगी असल्याचा पुरावा नव्हे, पण ती मेल्याचाही नव्हे. जिताडा या माशाचे तर जीवनचक्रच या जोडणीवर उभे आहे: अंडी घालायला तो खाडीच्या मुखाकडे जातो आणि त्याची पिल्ले भरतीबरोबर कांदळवनांच्या ओहोळांत व निमखाऱ्या तळ्यांत शिरून वाढतात. ज्यांना खाडीतली मासळी परत हवी आहे, त्यांनी सांडपाण्यावर प्रक्रिया मागावी. भराव मागून पिल्लांची जागाच जाईल.

डासांची तक्रार खरी आहे, निदान मात्र उलटे आहे. भरतीचे पाणी खेळते असेल तर त्याबरोबर लहान मासे येतात आणि डासांच्या अळ्या खातात. डास वाढतात ते पाणी आत येण्याचे मार्ग बुजल्यावर. २०२४ मध्ये डीपीएस तलावाचे हे मार्ग बंद होऊन तो कोरडा पडू लागला, तेव्हा नागरिकांची मागणी ते मार्ग उघडण्याचीच होती.