रांजण कोणी फोडला?

लॅटिनमध्ये साधं 'कोणी' म्हणायचं तरी आधी स्वतःची उलटतपासणी घ्यावी लागते. समजा, रोममधल्या एका घरात वाइनचा रांजण फुटला. कोणी फोडला ते खरंच ठाऊक नाही? मग 'आलिक्विस'. ठाऊक आहे, पण नाव घ्यायचं नाही? मग 'क्विदाम'. माझ्या मते चहाडीसाठी याहून सोयीचं सर्वनाम नाही. 'क्विदाम रांजणापाशी घुटमळत होता' म्हटलं की आरोप होतो आणि अंगावरही काही येत नाही.

पुन्हा 'कोणी फोडला तर' अशी तंबी द्यायची झाली, की सी (जर), निसी (जर नाही तर), नूम (प्रश्नातलं 'का'), ने ('नये म्हणून') यांच्यानंतर 'आलिक्विस'मधलं 'आलि' सहसा गळतं. उरतं 'सी क्विस'. हाच क्विस एरवी 'कोण?' असं विचारत हिंडतो, त्यामुळे नवशिका तंबीतही प्रश्नचिन्ह शोधत बसतो.

मराठी माणसाचा खरा घात मात्र 'कोणीही' करतं. 'हे कोणीही सांगेल' इथे क्वीविस किंवा क्वीलिबेत, म्हणजे हवा तो निवडा. 'कोणीही कबूल केलं नाही' इथे निवडायला आहेच कोण? तिथे नेमो, म्हणजे 'कोणीच नाही'. आधी 'आणि' असेल तर 'नेक क्विस्क्वाम' ('आणि कोणीही नाही'), आणि नामाला विशेषण हवं असेल तर बहुधा उल्लुस. या जागी बिनदिक्कत 'नोन क्वीविस' (नोन म्हणजे 'नाही') ठोकलं, की 'कोणा ऐऱ्यागैऱ्याने कबूल केलं नाही' असा अर्थ निघून गुन्हेगार एकदम खानदानी ठरतो!

रूपं चालवताना शेपूट तसंच ठेवून पोट बदलायचं: क्वीविस, कूयुस्विस, कूइविस. क्विदामची द्वितीया 'क्वेन्दाम', कारण 'द'च्या आधी 'म' टिकत नाही, त्याचा 'न' होतो.

राहिला क्विस्क्वे, म्हणजे 'प्रत्येक'. हा लाजाळू, सहसा कोणाच्या तरी मागे उभा राहतो. 'ऑप्तिमुस क्विस्क्वे' म्हणजे जो जो उत्तम तो तो. 'तिसरा', 'चौथा' अशा क्रमवाचकामागे आला की मात्र बोटं मोजायला लावतो, कारण रोमन लोक दोन्ही टोकं धरून मोजत. इ.स.पू. 45 मध्ये सीझरने नवं कॅलेंडर आणलं, त्यात 'क्वार्तो क्वोक्वे आन्नो', दर चौथ्या वर्षी, एक जादा दिवस. पुढच्याच वर्षी त्याचा खून झाला, आता विचारणार कोणाला? पुरोहितांनी आपल्या पद्धतीने मोजून दर तीन वर्षांनी दिवस घातला. नंतरच्या काळातला रोमन लेखक मॅक्रोबियुस सांगतो, 36 वर्षांत 9 ऐवजी 12 दिवस झाले. शेवटी ऑगस्टसने 12 वर्षं लीप दिवसच घेऊ दिला नाही, तेव्हा कुठे हिशेब जुळला.