ओल्या फडक्याने वेपर लॉक सिद्ध होत नाही

जुन्या पेट्रोल पिकअप आणि जीपवाल्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: सायनच्या ट्रॅफिकमध्ये, उन्हात गाडी बंद पडली की वेपर लॉक (उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणं) समजायचं आणि एसी पंपावर, म्हणजे टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या इंजिनावरच्या पंपावर, ओलं फडकं टाकायचं, दहा मिनिटांत ती चालू होते. प्लग काढून करंट दिसला तर इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, ओके. तरीही बंद पडत राहिली तर कार्बोरेटर बदला.

यातलं फडकं आधी घेऊ. वेपर लॉक होतो, हे खरं. पण दहा मिनिटांत पंपाबरोबर ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल आणि तिच्या जोडीचा छोटा कंडेन्सरही थंड होतात, त्यामुळे गाडी नेमकी कशामुळे चालू झाली हे कळतच नाही. तपास गाडी गरम असतानाच करायचा. बंद पडल्याबरोबर एअर क्लीनर काढा आणि इंजिन बंद ठेवूनच अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने ओढा. कार्बोरेटरच्या घशात पेट्रोलची सरळ, जोरदार धार दिसली तर फ्लोट बाऊलमध्ये (कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत) पेट्रोल आहे, म्हणजे वेपर लॉकवर खापर फोडता येत नाही. धार नसेल, तरच पंप आणि पाइपकडे वळा.

"करंट दिसला म्हणजे ओके" हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. प्लगचा गॅप साधारण 0.75 मिमी असतो. उघड्या हवेत तेवढं अंतर कमजोर कॉइलही ओलांडते. सिलिंडरमध्ये दाब वाढला की त्याच गॅपला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून सांडलेलं पेट्रोल पुसा, एअर क्लीनर परत बसवा, मग कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्यूटरमधून (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागातून) काढून इन्सुलेटेड पक्कडीने ब्लॉकपासून 6 मिमीवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळसर, चटचट वाजणारी ठिणगी हवी. बारीक, केशरी, मध्येच गायब होणारी असेल तर डिस्ट्रिब्यूटरमधले सीबी पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडून बघा. पॉइंट काळेनिळे जळले असतील तर कंडेन्सरवर पहिला संशय घ्या. तो निकामी झाला की पॉइंट उघडताना तिथेच आर्क होतो, कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र झटकन कोसळत नाही, आणि प्लगपर्यंत ताकद पोहोचत नाही. नुसते पॉइंट घासून बसवले तर काही दिवसांत पुन्हा तेच. पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही एकत्र बदला. जीपच्या हरिकेन इंजिनात पॉइंटचा गॅप 0.5 मिमी, फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) लावूनच. कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्सही गरम असतानाच मोजा: बॅलास्ट (कॉइलबरोबर जोडलेला वेगळा रेझिस्टर) नसलेल्या 12 व्होल्ट कॉइलला साधारण 3 ओहम.

पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटर कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ शोधा. तिथून करंट गळतो. अशी कॅप पुसून भागत नाही, बदलावी लागते.

आणि कार्बोरेटर? पेट्रोलच पोहोचत नसेल तर नवा कार्बोरेटर काय करणार! टाकी ते पंप या भागात पंप पेट्रोल ओढून घेतो. तिथला तडकलेला रबर पाइप थेंबभरही गळत नाही, हवा मात्र घेतो. आता पेट्रोल पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. पाइप इथेनॉल चालणाराच घ्या. टाकीचं झाकण सैल करून फरक पडला तर व्हेंट (टाकीत हवा येण्याचं छिद्र) बुजलाय. टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून ठेवा: खाली वेगळा थर बसला तर पाणी शिरलंय, आणि टाकी पूर्ण रिकामी करण्यावाचून इलाज नाही.