‘चार टवाळ पोरं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जुना नाशिककर’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

नमस्कार.

आमच्या रग्बी क्लबच्या वाटचालीवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. त्याच रात्री उत्तर द्यायला बसलो होतो, पण तेव्हा लिहिलं असतं तर जीभ घसरली असती, म्हणून थांबलो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगतो. क्लबची नोंदणी फार उशिरा झाली, त्याआधीचा काळ धरू नये. नाशकात रग्बी देवळालीच्या छावणीतल्या गोऱ्यांनी आधीच आणली होती. मुलींच्या संघाला लेखात जागा नाही. आणि आम्हाला खेळ शिकवणाऱ्या सरांचं कौतुक जरा जास्तच झालंय. इथवर ठीक. टीका करायचा तुम्हाला हक्क आहे. पण मधेच तुम्ही हे वाक्य टाकलंत: “नोंदणी होण्याआधी क्लब नव्हताच, गोल्फ क्लबवर चार टवाळ पोरं चेंडू घेऊन धावत होती, त्याला इतिहास म्हणत नाहीत.”

मी मुख्यतः या वाक्याला उत्तर देणार आहे.

त्याआधी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. मुलींच्या संघाला मी दोन ओळी दिल्या, त्या कमीच आहेत. 2019 साली मनिलात भारताच्या महिला संघाने सिंगापूरला 21-19 असं हरवलं. पंधरा जणींच्या रग्बीतला तो त्यांचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. त्यानंतर आमच्याकडेही आया स्वतः मुलींना घेऊन मैदानावर येऊ लागल्या. यावर वेगळा लेख येतोय आणि तो त्या संघातलीच एक खेळाडू लिहिणार आहे. तुमचा हा मुद्दा मला पटला.

आता टवाळांबद्दल. नाशकात टवाळ कोणाला म्हणतात ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. संध्याकाळी कॉलेज रोडला गाडी स्टँडवर लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर शेरे मारणाऱ्याला म्हणतात. आमच्यातले निम्मे जण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटी होते. रात्रपाळी करून सकाळी सुटायचं, तसंच गोल्फ क्लबचं मैदान गाठायचं, डब्याची पिशवी झाडाला अडकवायची आणि चिखलात उतरायचं. रविवारी मुंबईला सामना असला की शनिवारचा खाडा ठरलेला. खाडा पडला की पगार गेला, आणि सोमवारी कंत्राटदार उभं करेल की नाही याचीही खात्री नाही. हे सगळं सोसून जो येतो त्याला टवाळ म्हणायचं असेल, तर कामसू कोणाला म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

तुम्हाला इतिहास हवाय, तर याच खाड्याचा इतिहास सांगतो. रग्बी हा खेळ दुभंगला तो यावरूनच. इंग्लंडच्या उत्तरेकडचे खेळाडू खाणीत आणि गिरण्यांत राबणारे. सामन्यासाठी त्यांची मजुरी बुडायची, ती भरून द्यायला तिथले क्लब तयार होते. पण खेळ चालवणाऱ्या युनियनला ते मंजूर नव्हतं. हौशी खेळात पैशाचं नाव नको, असा त्यांचा हट्ट. शेवटी 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि वेगळे झाले. पुढे तेरा जणांची रग्बी लीग निघाली ती त्यांचीच. उरलेल्या पंधरा जणांच्या खेळात पैसे घ्यायची बंदी थेट ऑगस्ट 1995 पर्यंत राहिली, म्हणजे शंभर वर्षं. बुडालेल्या मजुरीच्या ज्या प्रश्नावरून रग्बी दुभंगली, तोच सातपूरच्या पोरांपुढे दर पावसाळ्यात उभा असायचा. आणि त्यांना मजुरी भरून द्यायला मागे कोणी नव्हतं.

‘चेंडू घेऊन धावत होती’ हेही तुम्ही सहज लिहून गेलात. धावायला कोणीही धावेल. आमचे बहुतेक जण कबड्डीतून आलेले. पाय धरायची भीती नाही, घोट्याची पकड तर पक्की. पण कबड्डीत एकदा धरलं की सोडायचं नसतं. रग्बीत समोरच्याला खाली आणलं की त्याच क्षणी सोडावं लागतं, नाहीतर पेनल्टी. ही एक सवय मोडायला आमचा अख्खा मोसम गेला. सर अंगावर ओरडायचे, “सोड, सोड, सोड!”, आणि पोरगं सवयीने आणखी घट्ट धरायचं. दुसरी गोष्ट डोक्याची. पकडताना डोकं समोरच्याच्या पुढ्यात गेलं तर मान जाते, ते त्याच्या मागच्या बाजूला ठेवायचं. हे आम्ही चिखलात गुडघ्यांवर बसून, चालत्या माणसाला पकडत शिकलो, मग धावत्याला. माझ्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं ते याच शिकण्यात. आजही पाऊस भरून आला की ते मला आधी कळतं. खांबांचं सांगतो. फुटबॉलच्या गोलाची आडवी दांडी 2.44 मीटरवर असते, रग्बीची 3 मीटरवर. म्हणून आम्ही गोलच्या दोन्ही खांबांना बांबू बांधायचो आणि वर मोजून सुतळी ताणायचो. मापाला पक्की सुतळी. टवाळ पोरं टेप घेऊन माप घेत बसत नाहीत, साहेब.

आता नोंदणी. आपल्याकडे असा क्लब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदवतात. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे किमान सात जण लागतात, पुढे 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंद. घटना लिहायची, पत्ता दाखवायचा, दरवर्षी हिशेब तपासून घ्यायचे. आमचं अडलं ते पत्त्यावर. सगळे भाड्याने राहणारे, आणि खोलीच्या मालकाने ना-हरकत पत्र द्यायला साफ नकार दिला. तेवढ्यावर वर्षं गेली. पण ज्या सात जणांनी अखेर सह्या केल्या, ते कोण? हीच पोरं. जन्मदाखला उशिरा काढला म्हणून मूल तोवर जन्मलंच नव्हतं, असं कोणी म्हणत नाही.

आणि कागदच हवा असेल तर तोही आहे. क्लबची दोनशे पानी वही माझ्याकडे आहे, अक्षर माझंच आहे. हजेरी, वर्गणी, उधारी. पानांवर पावसाचे डाग पडलेत, काही ठिकाणी शाई पसरली आहे. त्यात क्रेप बँडेज आहे, बर्फ आहे, पंचवटी एक्स्प्रेसची तिकिटं आहेत, आणि एका पानावर ‘बॉलची पिशवी, नवी चेन’ असाही खर्च आहे. वर्गणी कोणी दिली नाही त्याच्या नावापुढे कारण लिहिलंय: ‘पगार झाला नाही’. ही वही नोंदणीच्या कितीतरी आधीची आहे. लेखात मी तिचा उल्लेख केला होता. तुम्ही तो वाचला नसावा, किंवा वाचूनही सोडून दिला असावा.

रग्बीच्या बाबतीत कागदाचा आग्रह धरणाऱ्याने या खेळाची जन्मकथाही तपासावी. विल्यम वेब एलिस नावाच्या मुलाने 1823 साली इंग्लंडमधल्या रग्बी गावच्या शाळेत चेंडू हातात घेऊन धाव घेतली, असं सांगतात. ही गोष्ट त्याच शाळेच्या मॅथ्यू ब्लॉक्सम या माजी विद्यार्थ्याने पहिल्यांदा छापायला दिली ती 1876 साली, म्हणजे 53 वर्षांनी. तेव्हा एलिसला जाऊन चार वर्षं झाली होती. पुढे शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी चौकशी केली, तर प्रत्यक्ष पाहणारा एकही साक्षीदार मिळाला नाही. तरीही शाळेत त्याच्या नावाचा शिलालेख आहे आणि 1987 पासून पुरुषांचा विश्वचषक त्याच्याच नावाने दिला जातो. आमचे साक्षीदार हयात आहेत. पंचवटीत, सिडकोत, सातपूरला राहतात. दार वाजवलंत तर चहा पाजून सगळं सांगतील. रग्बीची पहिली युनियनसुद्धा 26 जानेवारी 1871 ला स्थापन झाली ती आधीपासून खेळणाऱ्या 21 क्लबांनी एकत्र येऊन. लंडनच्या ब्लॅकहीथचा क्लब तर 1858 चा. आधी माणसं जमली, मग नियम, मग शिक्का. आमच्याकडेही याच क्रमाने झालं.

तुम्ही म्हणता की आमचा काळ ‘मोजण्याइतका’ नाही. त्यावर एवढंच सांगतो. कलकत्ता फुटबॉल क्लब, नावात फुटबॉल असला तरी रग्बीचाच, 1873 मध्ये निघाला आणि पाचेक वर्षांतच बंद करावा लागला. सभासद टेनिस आणि पोलोकडे वळले होते. जाता जाता त्यांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली आणि रुपये वितळवून चषक घडवून घेतला. मुठींच्या जागी तीन नाग, झाकणावर हत्ती. 1879 पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्याच कलकत्ता कपासाठी खेळतात. क्लब किती वर्षं टिकला यावरून त्याची किंमत करणारा माणूस हा खेळ ओळखत नाही, असं मी स्पष्टच म्हणेन.

देवळालीचं थोडक्यात. छावणीत गोरे सैनिक होते हे मला शिकवायची गरज नाही, माझं आजोळ देवळाली कॅम्पचं. पण माझा लेख नाशिकच्या मुलांच्या क्लबवर होता, छावणीवर नव्हता. आमच्या हाती पहिला चेंडू मुंबईहून एका मित्राच्या बॅगेतून आला, छावणीतून नाही. सरांच्या कौतुकाबद्दल मी एक शब्दही कमी करणार नाही. ज्यांनी स्वतःच्या पगारातून बूट घेऊन दिले त्यांचं कौतुक किती करायचं, हे बूट घालणारे ठरवतील.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. वही बघायची असेल तर खऱ्या नावाने कळवा, मी ती घेऊन गोल्फ क्लबवर येतो, हवं तर धर्मादायचे कागदही आणतो. नोंदणी, सन, संघ, सगळ्यावर बोलू. पण ज्यांनी खाडे करून हा क्लब उभा केला त्यांना उद्देशून लिहिलेला ‘टवाळ’ हा शब्द आधी तिथेच, सगळ्यांसमोर, मागे घ्या.