‘लंडनमधला रत्नजडित शंख’: एका फॉरवर्डची झडती

सोनेरी पायावर उभा, मोत्यासारखा चकाकणारा, कडेला खडे जडवलेला पेला. फोटो देखणा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती खालच्या मजकुराबद्दल. तो थोडक्यात असा: हा आपल्या देवळातला दक्षिणावर्ती शंख, इंग्रजांनी तो लुटला आणि मुद्दाम विटंबना म्हणून सोन्यात मढवून त्याचा दारूचा पेला केला, शिवाय त्याच्या वळणात सुवर्ण गुणोत्तर (साधारण 1.618 हे गणितातलं प्रसिद्ध प्रमाण) आहे. शेवटी नेहमीचं ‘दहा जणांना पाठवा’.

‘देवळातला शंख.’ मुळात तो शंखच नाही. पूजेचा शंख म्हणजे समुद्री गोगलगायीचं कवच: जाड, जड, पांढरं आणि आतून टोकापर्यंत सलग पोकळ. म्हणून तर टोक कापलं की तो वाजतो. फोटोत आहे ते नॉटिलसचं कवच, आणि नॉटिलस हा माकूळ-ऑक्टोपसच्या गोतावळ्यातला प्राणी. त्याच्या कवचात आडव्या पडद्यांनी बंद केलेले कप्पे असतात, मोठ्या नॉटिलसमध्ये तीसच्या आसपास. प्राणी राहतो तो फक्त शेवटच्या, सगळ्यात मोठ्या कप्प्यात. पेल्याची वाटी म्हणजे हीच रिकामी झालेली खोली. हा ‘शंख’ फुंकायला गेलात तर पहिल्याच पडद्याला हवा अडेल. बरं, ती मोत्याची झळाळीही समुद्रातून तशी येत नाही. वरचा थर पांढरा, त्यावर तांबूस-तपकिरी पट्टे. सौम्य आम्लाने आणि घासून तो काढला की खालचा थर उघडा पडतो.

‘इंग्रजांनी लुटला.’ इथे तारखाच पुरेशा आहेत. असाच एक पेला अमेरिकेत ओहायोतल्या टोलिडो म्युझियममध्ये आहे, नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या यान याकोब्स फान रॉयस्टाइन या सोनाराने 1596 मध्ये घडवलेला. ईस्ट इंडिया कंपनीची सनद 1600 सालच्या शेवटच्या दिवशीची, आणि तिचं पहिलं जहाज सुरतेला लागलं 1608 मध्ये. म्हणजे लुटारू जन्मायच्या आधीच माल तयार! लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधलं ‘बर्ली नेफ’ तर त्याहून जुनं: 1527-28, पॅरिस. चांदीचं, जागोजाग सोन्याचा मुलामा दिलेलं छोटं जहाज, त्याचा तळ नॉटिलसचा. मुख्य डोलकाठीच्या पायाशी ट्रिस्टन आणि इसोल्ड (युरोपातल्या एका जुन्या प्रेमकथेतलं जोडपं) बुद्धिबळ खेळत बसलेत. आणि एवढा थाट कशासाठी, तर जेवणाच्या मेजावर मीठ ठेवायला! कवचं यायची ती आजच्या इंडोनेशियाच्या बाजूच्या समुद्रांतून, आधी पोर्तुगीज आणि मग डच जहाजांतून, मसाल्यांच्या सोबतीने.

‘विटंबना म्हणून पेला.’ विटंबना करायची तर कोणी इतकं जपून काम करत नाही. कवचाला धातू वितळवून डाग देऊन जोडता येत नाही, उष्णतेने ते खराब होतं. म्हणून सोनार चांदीच्या उभ्या पट्ट्या करून, बिजागऱ्या आणि खिळी लावून कवच त्यात अलगद धरून ठेवायचे. खाली पाय म्हणून मत्स्यमानव नाहीतर समुद्रदेव. ‘सोनं’ बहुतेक वेळा मुलामा दिलेली चांदीच असते. ही मिरवायची वस्तू होती. राजे-सरदार ती आपल्या नवलाईच्या दालनात प्रवाळ आणि शहामृगाच्या अंड्यांशेजारी मांडायचे. समारंभात कधी एखाद्यातून वाइन प्यालेही असतील, पण रोजच्या पिण्याचं हे भांडं नव्हे. आंबट वाइन आणि चुन्याचं कवच यांचं जमत नाही. डच चित्रकार विलेम काल्फने 1662 मध्ये असा पेला चिनी वाडग्याशेजारी रंगवलाय, तो श्रीमंतीची खूण म्हणूनच.

सुवर्ण गुणोत्तराचं चटकन उरकतो. त्या गुणोत्तराचं सर्पिल एका पूर्ण वेढ्यात जवळजवळ 6.85 पट रुंदावतं. नॉटिलसचं साधारण तीनपट. दोन्ही वळणं देखणी, पण वेगळी.

मग या सगळ्यात भारत कुठेच नाही का? आहे, आणि चांगला ठळक आहे. फॉरवर्डवाल्यांनी चुकीचा फोटो उचलला एवढंच. सोळाव्या शतकात गुजरातचे कारागीर शिंपल्याच्या मोतिया थराचे खवल्यांसारखे तुकडे कापून त्यांच्या पेट्या, तबकं, सुरया बनवत. पोर्तुगीज व्यापारी त्या विकत घेत, आणि गोवा-लिस्बनच्या व्यापारातून त्या युरोपच्या दरबारांत पोचत. तिथले सोनार त्यांना आपल्या चांदीत बसवत. पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये गुजराती शिंपलाकामाची एक पेटी आहे. पिएर मांगो या सोनाराने 1532-33 मध्ये ती फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याच्यासाठी चांदी-सोन्याने आणि खड्यांनी मढवली. पेटी बनवणाऱ्या गुजराती कारागिराचं नाव कुठे नोंदलेलं नाही, सोनाराचं मात्र आहे. संताप करायचाच तर मला यावर करावासा वाटतो.

आणि लुटीचंच बोलायचं असेल तर नाशिकचा हिरा आहे की. त्र्यंबकेश्वराचा म्हणून ओळखला जाणारा हा हिरा 1818 मध्ये बाजीराव दुसऱ्याच्या पराभवानंतर कंपनीच्या हाती गेला आणि लंडनच्या जवाहिऱ्यांकडे विकला गेला. त्याला ना नॉटिलस लागतो, ना खोटा मजकूर.