आईची स्कूटर आणि बसमधला रिव्हर्स

ऑरलँडोला जायचं ठरलं तेव्हाच आईच्या गुडघ्यांनी हात वर केले होते, म्हणून हॉटेलवर बाहेरून भाड्याने मोबिलिटी स्कूटर (चालायला त्रास होणाऱ्यांनी बसून चालवायची बॅटरीवरची छोटी गाडी) मागवली. आधी "लोक काय म्हणतील" वगैरे झालं. मग बसली. हँडलवर स्पीडचं बटण, एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. मी म्हटलं आई कासवावरच ठेव हं, पण लक्ष्मी रोडवर लूना चालवलेली बाई ती, डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कच्या गेटातून आत शिरेपर्यंत सशावर!

तिकडे अमेरिकेत १९९० पासून अपंगांसाठी कायदा आहे त्यामुळे रॅम्पबिम्प सगळं चोख (आपल्याकडेही २०१६ चा आहे, पण रॅम्पवर कोणाची तरी बुलेट लावलेली असते). खरा ताप माणसांचा. मोबाईलमध्ये डोकं घालून चालणाऱ्याला कमरेखालचं जग दिसतच नाही, बरोब्बर स्कूटरपुढे येऊन थांबतो, वर आपल्याकडेच रागाने बघतो. पार्कातल्या मेन स्ट्रीटवर घोड्यांच्या ट्रामचे रूळ आहेत, ते सरळ आडवे ओलांडायचे, तिरकं गेलं की चाक अडकतं. 'स्मॉल वर्ल्ड' या बोटीच्या राइडला व्हीलचेअरसकट चढता येते अशी बोट आहे पण स्कूटर चालत नाही, म्हणजे आधी स्कूटरवरून व्हीलचेअरवर या. आणि पीटर पॅनच्या राइडला तर सरकत्या पट्ट्यावरून स्वतः चालत जाऊन बसावं लागतं, पट्टा थांबवत नाहीत. आई म्हणाली, "राहू दे, दादरला चालती लोकल पकडायचे दिवस गेले."

पण कळस म्हणजे रात्रीची परतीची बस. फटाके संपलेत, रांगेत दमलेली रडकी पोरं, आणि स्कूटरवाल्यांना आधी घेतात म्हणून सगळी रांग आमच्याकडे खाऊ की गिळू बघतेय. ड्रायव्हरने रॅम्प काढला, आई भुर्रकन वर. आता आतल्या चिंचोळ्या जागेत ती स्कूटर मागेपुढे करत बाजूला नीट लावायची, मगच तो पट्टे बांधणार. बाबा सुरू झाले, "डावीकडे घे, अगं डावीकडे, माझी डावी नाही तुझी डावी," ड्रायव्हर इंग्रजीत वेगळंच सांगतोय, स्कूटर टीं टीं करतेय. आई शांतपणे म्हणाली, "अहो, गप्प बसा जरा," आणि दोन हिसक्यांत गाडी लावली. मागून कोणीतरी चक्क टाळ्या वाजवल्या.

बाबा हॉटेल येईपर्यंत दांड्याला लटकून उभे. उतरताना मला हळूच म्हणाले, "उद्या माझ्यासाठी पण एक बघ रे."

आईने ऐकलंच. "काही नको, तुम्हाला रिव्हर्स जमणार नाही."