दोघांच्या मधल्या खुर्चीत काका

परवा रविवारी दुपारी आईबाबांना ‘मुंबईचा जावई’ लावून दिला. राजा ठाकूरांचा, १९७० सालचा. नवं जोडपं, चाळीतली इवलीशी जागा, माणसांनी गच्च भरलेलं घर, आणि दोघांना बोलायला म्हणून एक कोपरा नाही. गोष्ट एवढीच. बासू चटर्जींनी १९७२ मध्ये हिंदीत तिचाच ‘पिया का घर’ केला.

बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. शेजारच्या अक्का विरजण मागायला आल्या त्या वाटी हातात धरून तिथंच टेकल्या. घरात कन्नड बोलतात, पण मराठी सगळं कळतं. म्हणाल्या, “नम्म मन्यागू हिंगऽ इत्त्री!” आमच्याकडंही असंच होतं की! सासू झोपली का बघायला भाषा कशाला लागते?

मला विचाराल तर या सिनेमांची गंमत नवराबायकोत नाहीच. त्यांच्या मधे येणाऱ्यांत आहे. आता व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या विनोदांत बायको कायम कजाग, नवरा कायम बिचारा. घर कुठं दिसतच नाही. इथं घरच अडचण करतं, आणि तरी कुणी वाईट नसतं. त्यात मधेच ‘का रे दुरावा’ येतं. गदिमा, बाबूजी, आशाताई. अक्काही गप्प झाल्या.

सगळंच गोड होतं असं नाही हं. त्या काळच्या बऱ्याच सिनेमांत सुनेचं राबणं गृहीतच धरलेलं. आई पटकन म्हणाली, “हिला एवढ्या माणसांची भांडी घासताना दाखवा की जरा!”

विषय बदलायला बाबांनी आपलाच किस्सा काढला. लग्नानंतरचा पहिला सिनेमा. शहापुरातल्या घरात नऊ माणसं, सोप्यात माग. दोघांनाच कसं पाठवायचं म्हणून आज्जीनं धाकट्या काकाला बरोबर दिलेलं. तो पठ्ठ्या नेमका मधल्या खुर्चीत बसला आणि मध्यंतरापर्यंत शेंगा फोडत राहिला.

“मग?”

“मग काय, मध्यंतरात आणखी शेंगा आणायला धाडलं त्याला.”

आई गालातल्या गालात हसत चहा टाकायला उठली. मी काकाला फोन लावला, तर तो म्हणतो, “एकदा नव्हे रे, दोनदा धाडलंन मला!”