पानं मोजून मिळतील

हाताने शिवलेल्या कोऱ्या वह्या ऑनलाइन विकायच्या असं ठरवलं, तेव्हा मला वाटलं होतं की अवघड काम शिवण्याचं असेल. ते सोपं निघालं. सुई, दोरा, कागद आणि थोडं रक्त, एवढ्यात भागलं. खरी परीक्षा वेबसाइटवरचा एक चौकोन भरताना सुरू झाली. 'तुम्ही इतरांपेक्षा वेगळे कसे?' असा प्रश्न होता आणि उत्तराच्या जागी एक उभी रेघ डोळे मिचकावत होती.

इतरांनी काय लिहिलंय ते पाहावं म्हणून स्पर्धकांच्या वेबसाइट पालथ्या घातल्या. सगळेच 'प्रेमाने' वह्या बनवत होते. गुणवत्तेशी तडजोड कुणीही केलेली नव्हती. प्रत्येकाची सुरुवात 'एका छोट्याशा स्वप्नातून' झाली होती. हेडसेट लावून हसणारी एक बाई तर एकाच वेळी तीन कंपन्यांच्या ग्राहक सेवेत नोकरीला होती. आणि ही सगळी मंडळी इतरांपेक्षा वेगळी होती. तसं ठळक अक्षरांत लिहिलंच होतं.

हॅरल्ड हॉटेलिंग या अर्थतज्ज्ञाने १९२९ मध्येच याचं गणित मांडून ठेवलंय. एका सरळ रस्त्यावर दोन विक्रेते असले, तर जास्त गिऱ्हाईक ओढण्याच्या नादात दोघंही सरकत सरकत मध्यावर येतात आणि एकमेकांना खेटून उभे राहतात. इंटरनेटवर रस्त्याची लांबी हा प्रश्नच नाही, तरी सगळे मध्यावरच.

"मामा, तुझा यूएसपी काय?" भाच्याने विचारलं. तो मार्केटिंग शिकतो, त्यामुळे घरात कुणी काही सुरू केलं की त्याला उत्साह येतो. यूएसपीची कल्पना रॉसर रीव्ज या अमेरिकी जाहिरातदाराने १९४० च्या दशकात रुजवली. असा एकच दावा करायचा, जो स्पर्धक करत नाही किंवा करूच शकत नाही. ऐकायला सोपं आहे.

'सर्वांत स्वस्त' हा दावा आधी केला. रात्री मी किंमत उतरवली, सकाळी एकाने त्याहून खाली नेली. मी पुन्हा, तो पुन्हा. शेवटी अशी वेळ आली की स्वतः वही शिवण्यापेक्षा त्याच्याकडून विकत घेणं मला परवडलं असतं. बहुतेक त्यालाही माझ्याकडून. 'जलद डिलिव्हरी' लिहिणार होतो, पण आम्हा सगळ्यांची पार्सलं एकच कुरिअरवाला नेतो आणि माझं पार्सल तो जास्त आपुलकीने पळवेल असं मानायला काही आधार नव्हता. मग प्रत्येक वहीसोबत स्वहस्ते लिहिलेली आभाराची चिठ्ठी घातली. स्पर्धकाने लगेच हस्ताक्षरासारखा फॉन्ट वापरून चिठ्ठ्या छापल्या. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा खरं वाटायचं.

"एका क्लिकवर खरेदी ठेव," भाचा म्हणाला. "अ‍ॅमेझॉनला १९९९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं होतं. २०१७ मध्ये ते संपलं. आता आपल्यालाही फुकट!"

"आणि बाकीच्यांना?"

यावर तो फोन आल्यासारखं करून बाहेर गेला.

मला खरा धीर दिला तो क्लॉड हॉपकिन्सने. हा जुना जाहिरात लेखक श्लिट्झ बिअरचा कारखाना बघायला गेला आणि बाटल्या वाफेने धुतात हे पाहून थक्क झाला. कंपनीवाले म्हणाले, हे तर सगळेच करतात. हॉपकिन्सचं म्हणणं असं की करत असतील, पण सांगत कुणी नाही. त्याने सांगितलं आणि बिअर धडाधड खपली.

म्हणजे सगळे करतात पण सांगत नाहीत असं काहीतरी हवं होतं. मी मुख्य पानावर लिहिलं, 'आम्ही प्रत्येक वहीची पानं स्वतः मोजतो.'

परिणाम झाला. एका ग्राहकाने विचारलं, मुखपृष्ठ धरून की सोडून? दुसऱ्याने मोजताना व्यत्यय आल्यास काय करता, अशी चौकशी केली. आठवडा संपायच्या आत स्पर्धकाने जाहीर केलं, 'आम्ही दोनदा मोजतो.'

"वह्या कोण विकत घेतंय ते बघतोस का कधी?" बायकोने विचारलं आणि ग्राहकांच्या निरोपांतला एक माझ्यासमोर धरला. 'मी डावखुरी आहे. लिहिताना शिवणीचा उंचवटा मनगटाला लागतो. शिवण उजवीकडे असलेली वही मिळेल का?' जगात साधारण दहातला एक माणूस डावखुरा असतो आणि एकाही वेबसाइटवर त्यांच्यासाठी ओळभर मजकूर नव्हता.

मी नवीन वही आखायला बसलो. कागद, पट्टी, पेन्सिल घेऊन बराच वेळ डोकं चालवलं. बायकोने टेबलावरची तयार वही उचलली, मागच्या बाजूने उघडली आणि माझ्या हातात ठेवली. शिवण उजवीकडे. कोऱ्या वहीला पुढचं-मागचं नसतंच. फक्त मुखपृष्ठावरची नावाची चिठ्ठी दुसऱ्या बाजूला चिकटवायची होती.

'डावखुऱ्यांसाठी खास वही' सुरू केली. ऑर्डर येऊ लागल्या, डावखुऱ्यांनी इतर डावखुऱ्यांना सांगितलं, आणि त्यात एकानेही पानं मोजली नाहीत.

काल स्पर्धकाची नवी वही पाहिली. 'दोन्ही हातांसाठी उपयुक्त!' असं वर लिहिलंय. किंमत माझ्यापेक्षा कमी आहे. त्याने नावाची चिठ्ठीच काढून टाकली आहे.